माहीत असणे आणि मान्य असणे

परदेशात हेरगिरी करणारी ब्रिटिश सरकारची संस्था १९०९ साली स्थापन झाली. जग तिला ‘एमआय सिक्स’ या नावाने ओळखत होते, तिचे लंडनमधील कार्यालय कोठे आहे हे पत्रकारांना ठाऊक होते आणि तिच्यातील एका फितूर अधिकाऱ्याला १९६१ साली ४२ वर्षांची शिक्षाही झाली होती. तरीही ६ मे १९९२ रोजी पंतप्रधान जॉन मेजर यांनी संसदेत उल्लेख करेपर्यंत, शांततेच्या काळात अशी संस्था चालवली जाते हे कोणत्याही ब्रिटिश सरकारने अधिकृतपणे मान्य केलेले नव्हते. सगळ्यांना माहीत होते आणि कोणालाही मान्य नव्हते, अशी ही अवस्था ८३ वर्षे टिकली.

अशा गोष्टीला इंग्रजीत ‘ओपन सीक्रेट’ म्हणतात आणि आपणही ‘उघड गुपित’ हा शब्द सर्रास वापरतो. उघड आहे तर ते गुपित कसले, असा प्रश्न त्यावर कोणालाही पडावा. पण येथे उघड झालेली असते ती माहिती, आणि गुप्त राखलेली असते ती कबुली. इंग्रजी निवेदने, पत्रके आणि खुलासे मराठीत आणण्याचे काम रोजच वाट्याला येत असल्याने या भाषेतील असे वाक्प्रचार सतत हाताखालून जातात, आणि त्यांच्याविषयी माझे एक ठाम मत बनले आहे. शब्दकोश त्यांचे अर्थ खरे-खोटे किंवा उघड-गुप्त अशा जोड्यांत सांगतात. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक वाक्प्रचार सत्याविषयी नसतातच. बोलणारा आपल्या शब्दांना किती बांधील राहणार आहे, एवढेच ते सांगत असतात.

‘रेकॉर्ड’ या शब्दाभोवती जमलेला गोतावळा घेतला की हे लगेच ध्यानात येते. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात काही न्यायालयांना आपल्या कामकाजाची कायमची नोंद ठेवण्याचा दर्जा होता, आणि त्या नोंदीत जे लिहिले असेल त्याविरुद्ध तोंडी पुरावा चालत नसे. नोंद बरोबर आहे की चूक हा प्रश्नच तेथे गैरलागू होता. नोंद आहे म्हणून ती अंतिम होती. आजही एखादी गोष्ट ‘मॅटर ऑफ रेकॉर्ड’ आहे असे म्हणणारा इंग्रज वकील ती खरी असल्याची ग्वाही देत नाही. ती दप्तरात आहे, तेव्हा तिच्यावर हुज्जत घालण्यात वेळ दवडू नये, एवढेच त्याला सुचवायचे असते. ‘फॉर द रेकॉर्ड’ असे म्हणून जो बोलू लागतो, त्याला समोरच्या माणसाशी फारसे कर्तव्य नसते; पुढे केव्हातरी कोणी हे कागद उघडील, त्याच्यासाठी तो बोलत असतो.

दप्तर आणि वस्तुस्थिती यांची किती फारकत होऊ शकते, याचा एक नमुना अमेरिकी काँग्रेसच्या कामकाजाच्या अधिकृत वृत्तांतात सापडतो. सभागृहात न केलेले भाषण लेखी देऊन वृत्तांतात छापून घेण्याची सोय तेथील सदस्यांना पूर्वापार आहे. हेल बॉग्ज हे प्रतिनिधीगृहातील बहुमतातल्या पक्षाचे नेते १६ ऑक्टोबर १९७२ रोजी अलास्कामध्ये विमानासह बेपत्ता झाले आणि त्यांचा शोध कधीच लागला नाही. मात्र १८ ऑक्टोबरच्या वृत्तांतात त्यांचे भाषण, ते सभागृहात उभे राहून बोलत असावेत अशा थाटात, छापलेले आहे. यावर टीका झाली आणि १९७८ पासून न केलेल्या भाषणांपुढे एक ठळक ठिपका छापण्याची पद्धत सुरू झाली. ‘सेट द रेकॉर्ड स्ट्रेट’ हा वाक्प्रचार कोणी फार आवेशाने वापरू लागला की मला हा ठिपका आठवतो.

पण दप्तराची ही ताकद उलट दिशेनेही वापरता येते. व्हिएतनाम युद्धाविषयी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने तयार केलेला गोपनीय अहवाल न्यूयॉर्क टाइम्सने १३ जून १९७१ पासून छापायला घेतला, आणि दोनच दिवसांनी न्यायालयाच्या आदेशाने ती मालिका थांबली. अलास्काचे सिनेटर माइक ग्रॅव्हल यांच्या हाती अहवालाची एक प्रत आली होती. सिनेटच्या सभागृहात तो वाचून दाखवण्याचा त्यांचा बेत गणसंख्येअभावी फसला. तेव्हा २९ जूनच्या रात्री त्यांनी आपल्या अधिकारातील एका अगदी बिनमहत्त्वाच्या उपसमितीची बैठक बोलावली. ही उपसमिती सरकारी इमारतींची होती. तिचा युद्धाशी संबंध काय, या प्रश्नाचे उत्तरही त्यांनी तयार ठेवले होते: युद्धावर एवढा पैसा जात असल्यामुळे इमारतींना पैसा उरत नाही, सबब युद्धाची चौकशी या उपसमितीच्या कक्षेत येते.

साक्षीदार म्हणून प्रतिनिधीगृहाचे एक सदस्य तेवढे हजर होते आणि समितीतील दुसरा कोणीही सिनेटर आलेला नव्हता. ग्रॅव्हल मध्यरात्र उलटून गेल्यावरही वाचत राहिले, मग मृतांच्या आणि जखमींच्या उल्लेखांनी त्यांना रडू कोसळले आणि वाचन थांबले. उरलेली पाने कामकाजात समाविष्ट करावीत असा प्रस्ताव त्यांनी स्वतःच मांडला आणि विरोध करायला कोणीच नसल्यामुळे तो एकमताने संमत झाला. सुमारे ४,१०० पाने एका रात्रीत ‘ऑन द रेकॉर्ड’ झाली. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने वृत्तपत्रांवरील बंदी उठवली, त्यामुळे ही सारी धडपड व्यर्थ गेली असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. वृत्तपत्रात छापून आलेला मजकूर सरकार ‘चोरलेली कागदपत्रे’ म्हणून झटकू शकत होते, पण संसदीय समितीच्या कामकाजात गेलेला मजकूर झटकणे तितके सोपे नव्हते. गंमत अशी की एवढे सगळे होऊनही त्या अहवालावरील गोपनीयतेचा शिक्का पूर्णपणे उठला तो १३ जून २०११ रोजी, म्हणजे पहिल्या बातमीला बरोबर ४० वर्षे झाल्यावर. मधल्या काळात तो ग्रंथालयांत मिळत होता, अभ्यासक्रमांत नेमला जात होता, आणि कागदोपत्री गोपनीयही होता.

‘ऑफ द रेकॉर्ड’विषयी लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज हा की तसे म्हटले म्हणजे सांगितलेली गोष्ट पोटातच राहते. पत्रकारांच्या व्यवहारात त्याच्या बऱ्याच पायऱ्या आहेत. ‘ऑन बॅकग्राउंड’ बोललेले छापता येते, मात्र नावाच्या जागी ‘एक वरिष्ठ अधिकारी’ येतो. ‘डीप बॅकग्राउंड’मध्ये तेवढाही माग ठेवायचा नसतो. लंडनच्या चॅथम हाउसमध्ये १९२७ साली ठरलेला नियम आणखी वेगळा आहे: बैठकीत ऐकलेली माहिती वाटेल तेथे वापरावी, पण ती कोणी सांगितली आणि बैठकीत कोण होते हे उघड करू नये. आपल्या बातम्यांमध्ये ‘नाव न सांगण्याच्या अटीवर’ आणि ‘सूत्रांनी सांगितले’ असे जे येते, त्यात या सगळ्या पायऱ्या एकत्र कोंबल्या जातात आणि सूत्र किती वजनाचे आहे हे वाचकाला कळायला मार्ग उरत नाही. पायरी कोणतीही असो, तिची सारी गरज उत्पन्न होते ती माहितीला धनी नको असतो म्हणून. माहिती तर पोहोचायलाच हवी असते, नाहीतर कोणी बोललेच नसते.

या सगळ्या वाक्प्रचारांत सर्वाधिक बदनाम झालेला, आणि माझ्या मते सर्वांत प्रामाणिक, म्हणजे ‘नायदर कन्फर्म नॉर डिनाय’. ‘दुजोराही देत नाही आणि इन्कारही करत नाही’ असे आपण त्याचे करतो. त्याची आजची कायदेशीर घडण एका जहाजामुळे झाली. १९६८ साली के-१२९ ही सोव्हिएत पाणबुडी पॅसिफिक महासागरात सुमारे पाच किलोमीटर खोल पाण्यात बुडाली. ती गुपचूप वर काढण्यासाठी सीआयएने ‘ह्यूज ग्लोमर एक्स्प्लोरर’ नावाचे प्रचंड जहाज बांधून घेतले, आणि समुद्रतळावरील मँगनीजचे गोळे गोळा करण्यासाठी हॉवर्ड ह्यूज या उद्योगपतीने ते बांधले आहे, अशी वदंता पसरवून दिली. १९७४च्या उन्हाळ्यात पाणबुडीचा काही भाग हाती लागला, १९७५च्या आरंभी बातमी फुटली, आणि ती छापली जाऊ नये म्हणून सीआयएने संपादकांची मनधरणी केल्याचेही बाहेर आले.

या मनधरणीचीच कागदपत्रे हॅरिएट ॲन फिलिपी या पत्रकाराने माहितीच्या अधिकाराखाली मागितली. संस्थेची पंचाईत अशी झाली की ‘कागद आहेत पण देत नाही’ म्हटले तर मोहीम कबूल केल्यासारखे झाले असते, आणि ‘कागद नाहीत’ म्हटले तर ते धडधडीत खोटे ठरले असते. म्हणून उत्तर आले की असे कागद आहेत या गोष्टीला दुजोराही देता येत नाही आणि तिचा इन्कारही करता येत नाही. प्रकरण न्यायालयात गेले. अशा उत्तराची कारणे शक्य तेवढी जाहीरपणे मांडली पाहिजेत असे १९७६ साली अपील न्यायालयाने सांगितले. मात्र असे उत्तर मुळातच बेकायदा आहे असे म्हटले नाही. तेव्हापासून कायद्याच्या भाषेत त्याला त्या जहाजावरून ‘ग्लोमर’ उत्तर म्हणतात. ६ जून २०१४ रोजी सीआयएने ट्विटरवर पाऊल ठेवले तेव्हा, हे आमचे पहिले ट्विट आहे याला आम्ही दुजोराही देत नाही आणि त्याचा इन्कारही करत नाही, अशा अर्थाचे वाक्य लिहून स्वतःचीच थट्टा केली.

मी त्याला प्रामाणिक म्हणतो त्याचे कारण, त्यात एकही शब्द खोटा नाही आणि बोलणारा काहीतरी राखून ठेवतो आहे हे तो लपवतही नाही. अट एवढीच की ते सूत्र सरसकट वापरले पाहिजे. नसलेल्या गोष्टीचा इन्कार करायचा आणि असलेल्या गोष्टीबद्दल मात्र दुजोराही नाही, इन्कारही नाही असे म्हणायचे, असे केले तर मौनच कबुली ठरते. म्हणूनच अमेरिकी नौदल कोणत्या जहाजावर अण्वस्त्रे आहेत आणि कोणत्यावर नाहीत याविषयी काहीच बोलत नसे. १९८५च्या फेब्रुवारीत ‘बुकॅनन’ या अमेरिकी विनाशिकेला न्यूझीलंडने बंदरात येऊ दिले नाही, ते याच सूत्रामुळे: जहाजावर अण्वस्त्रे नाहीत असे अमेरिका सांगायला तयार नव्हती, आणि तसे सांगितल्याखेरीज डेव्हिड लाँगे यांचे सरकार परवानगी द्यायला तयार नव्हते. न्यूझीलंडने १९८७ साली केलेल्या कायद्यातील तोड मला फार आवडते. जहाजवाल्या देशाकडून कबुली मागण्याऐवजी, जहाजावर अण्वस्त्रे नसतील अशी आपल्याच पंतप्रधानांची खात्री पटली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. माहिती त्यांनी कोठून मिळवायची ते मिळवावी. कबुलीचा प्रश्नच काढून टाकला.

याउलट ‘इकॉनॉमिकल विथ द ट्रूथ’, म्हणजे सत्याच्या बाबतीत काटकसर. आपल्याकडे यासाठी ‘नरो वा कुंजरो वा’ आहेच. एका निवृत्त गुप्तहेराच्या आठवणींचे प्रकाशन ऑस्ट्रेलियात रोखण्यासाठी ब्रिटिश सरकारने सिडनीच्या न्यायालयात दावा लावला होता, आणि १९८६च्या नोव्हेंबरात ब्रिटनचे कॅबिनेट सचिव सर रॉबर्ट आर्मस्ट्राँग तेथे साक्षीला उभे होते. त्यांनी पूर्वी एका प्रकाशकाला पत्र लिहून दुसऱ्याच एका पुस्तकाची प्रत मागितली होती, आणि ती मागतानाच सरकारच्या हाती त्या पुस्तकाची एक प्रत आलेली होती. पत्रात खोटे काही नव्हते, पण वाचणाऱ्याचा समज मात्र चुकीचा होणार होता. उलटतपासणी घेणारे तरुण वकील होते माल्कम टर्नबुल, जे पुढे २०१५ साली ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झाले. दिशाभूल आणि असत्य यांत फरक काय, असे त्यांनी विचारले. असत्य म्हणजे सरळसरळ खोटे, असे उत्तर आले. मग दिशाभूल म्हणजे वाकडे खोटे का, या पुढच्या प्रश्नावर सर रॉबर्ट यांनी, कोणीतरी म्हटल्याप्रमाणे ती कदाचित सत्याच्या बाबतीतली काटकसर असेल, असे सांगितले. हा शब्दप्रयोग त्यांचा नव्हता. त्याचे मूळ रूप एडमंड बर्क यांच्या १७९६ सालच्या लिखाणात सापडते. पण वृत्तपत्रांनी तो उचलला तो त्यांच्या नावावर, आणि आयुष्यभर कारकुनी शब्दांत तोलूनमापून लिहिणाऱ्या या माणसाची ओळख त्या एका वाक्याने ठरवून टाकली.

त्या खटल्याची इंग्लंडमधील शाखा तर ‘पब्लिक डोमेन’ या वाक्प्रचाराचा वस्तुपाठच म्हणावी लागेल. गुप्तहेराच्या आठवणींचे ते पुस्तक अमेरिकेत खपत होते, प्रवासी सामानात घालून ते लंडनला आणत होते, आणि इंग्लंडमधील वृत्तपत्रांना मात्र त्यातला मजकूर छापायला मनाई होती. अखेर १३ ऑक्टोबर १९८८ रोजी तेथील सर्वोच्च न्यायपीठाने निकाल दिला की जगभर पसरलेली माहिती गुप्त राखण्यासाठी मनाई चालू ठेवण्यात अर्थ नाही. लेखकाने गोपनीयतेची बांधिलकी मोडली हे न्यायाधीशांनी मान्य केले. मात्र सर्वांना कळलेली गोष्ट कोणालाच कळलेली नाही असे गृहीत धरायला त्यांनी नकार दिला.

आता ‘मिस्टेक्स वेअर मेड’. चुका झाल्या. कोणाकडून झाल्या, ते नाही. या वाक्यात कबुली आहे, पण कबुली देणारा गायब आहे. कर्त्याला वाक्याबाहेर काढून ठेवण्याची ही व्याकरणातली मखलाशी मला धादांत खोट्यापेक्षाही वाईट वाटते, कारण खोटे निदान पकडता येते. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी इराणला शस्त्रे विकल्याच्या प्रकरणावर १९८७च्या जानेवारीत काँग्रेसपुढील भाषणात ते वापरले. राजकीय विश्लेषक विल्यम श्नायडर यांनी या रचनेसाठी ‘दोषमुक्ती भूतकाळ’ असा एक नवा काळच व्याकरणाला बहाल केला होता. या वाक्याचा पूर्वज म्हणून राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्या १८७६च्या संदेशाकडे बोट दाखवले जाते, पण तो त्यांच्यावर अन्याय आहे. चुका झाल्या आहेत, सर्वांना त्या दिसतात आणि मी त्या मान्य करतो, असे ते म्हणाले होते. त्यातले ‘मी मान्य करतो’ पुढच्यांनी तेवढे गाळले.

घूमजाव करण्याच्या इंग्रजी तऱ्हा अनेक आहेत, पण वॉटरगेट प्रकरणात निक्सन यांचे वृत्तसचिव रॉन झीगलर यांनी १७ एप्रिल १९७३ रोजी केलेल्या सारवासारवीला तोड नाही. आजचे निवेदन तेवढे चालू निवेदन समजावे, आधीची ‘इनऑपरेटिव्ह’ झाली आहेत, असे त्यांनी सांगितले. आधीची निवेदने खोटी होती असे त्यात कोठेही नाही. ती जणू मुदत संपलेले परवाने होती. ‘नो कॉमेंट’विषयी मात्र फार सांगण्यासारखे नाही. ती बातमी नसते, तरी ती छापली जाते, आणि संबंधितांनी प्रतिक्रिया देण्यास नकार दिला या वाक्यात वाचक आपल्याला हवे ते वाचून घेतो.

निवेदनांकडून तथ्यांकडे वळले तर इंग्रजी वाक्प्रचारांचा सूर बदलतो आणि एकदम ठणठणीत होतो. ‘फॅक्ट्स आर स्टबर्न थिंग्ज’, तथ्ये हट्टी असतात, हे जॉन ॲडम्स यांनी १७७० साली बॉस्टनच्या न्यायालयात ऐकवले. गोळीबार करून माणसे मारल्याचा आरोप असलेल्या ब्रिटिश सैनिकांचे वकीलपत्र त्यांनी घेतले होते आणि सारे शहर विरुद्ध होते. म्हण त्यांच्याआधीची आहे, पण ‘सर्वांना माहीत असलेल्या’ गोष्टीविरुद्ध तथ्ये उभी करण्यासाठी तिचा उपयोग झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ‘फॅक्ट’ हा शब्द मुळात लॅटिनमधील ‘केलेले कृत्य’ या अर्थाचा. गुन्हा घडून गेल्यावर गुन्हेगाराला साथ देणाऱ्याला इंग्रजी कायदा ‘आफ्टर द फॅक्ट’ साथीदार म्हणतो, तेथे तो जुना अर्थ अजून शाबूत आहे. ‘ॲज अ मॅटर ऑफ फॅक्ट’ हेही आधी न्यायालयातलेच होते: कायद्याचा मुद्दा वेगळा आणि घडलेल्या गोष्टीचा मुद्दा वेगळा, एवढ्यापुरते. आता ते बहुधा ‘तुम्हाला काही कळत नाही’ असे सभ्यपणे सांगण्यासाठी वापरले जाते.

‘फॅक्ट्स स्पीक फॉर देमसेल्व्ज’ याला तर एक पिंपच पुरावा आहे. लिव्हरपूलमध्ये बर्न नावाचा माणूस बोडल नावाच्या पीठविक्याच्या दुकानावरून चालला असता वरच्या खिडकीतून पिठाचे पिंप त्याच्या अंगावर कोसळले. त्याला नंतर काही आठवेना, आणि पिंप पडले कसे हे कोणी पाहिले नव्हते. निष्काळजीपणाचा पुरावा नाही म्हणून दावा आधी बाद झाला. १८६३ साली वरच्या न्यायालयात मुख्य न्यायाधीश पोलॉक म्हणाले की पिंपे आपण होऊन गोदामातून बाहेर घरंगळत नाहीत. निष्काळजीपणा झाला नाही हे आता दुकानदारानेच दाखवावे. तथ्ये स्वतःच बोलतात हे तत्त्व इंग्रजी कायद्यात येथून रुळले. राजकीय भाषणांत हाच वाक्प्रचार ऐकला की मात्र मी सावध होतो, कारण तेथे तथ्यांना बोलायला सोडून वक्ता गप्प बसला आहे, असे सहसा होत नाही.

‘ॲज एव्हरीवन नोज’ आणि त्याची भावंडे यांच्याबद्दल माझा अनुभव असा की ज्याला पुरावा देता येतो तो ती वापरत नाही. अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी १२ फेब्रुवारी २००२ रोजी पत्रकारांपुढे माहितीचे तीन प्रकार सांगितले: माहीत आहे हे माहीत असलेले, माहीत नाही हे माहीत असलेले, आणि माहीत नाही हेही माहीत नसलेले. ब्रिटनमधील सुबोध इंग्रजीच्या एका चळवळीने त्याबद्दल त्यांना पुढच्या वर्षी बोजड बोलण्याचा पुरस्कार दिला. माझ्या मते ते वर्गीकरण चांगलेच स्पष्ट आहे आणि अभियंत्यांच्या व्यवहारात ते आधीपासून होतेही. त्यात उणीव असलीच तर ती चौथ्या प्रकाराची: माहीत आहे, पण माहीत असल्याचे दाखवायचे नाही असे. या लेखातला बहुतेक मजकूर त्याच खणातला आहे.

आता ‘कॉमन नॉलेज’. रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ ‘सर्वांना माहीत असलेली गोष्ट’ एवढाच होतो. तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी १९६९ साली आणि गणितज्ञ रॉबर्ट औमन यांनी १९७६ साली त्याचा काटेकोर अर्थ मांडला. गोष्ट सर्वांना माहीत असणे पुरेसे नाही. ती सर्वांना माहीत आहे हे सर्वांना माहीत असले पाहिजे, तेही सर्वांना माहीत असले पाहिजे, आणि ही साखळी कोठेही तुटता कामा नये. हा फरक कागदावर शब्दच्छलासारखा दिसतो. पण अधिकृत निवेदन नेमके काय करते, याचे याहून चांगले स्पष्टीकरण मला मिळालेले नाही. निवेदनातून नवी माहिती पुष्कळदा मिळतच नाही. ते ती साखळी पूर्ण करते, आणि मग कोणालाच ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ म्हणता येत नाही.

याचे सर्वांत महागात पडलेले उदाहरण १९६०च्या मे महिन्यातले आहे. अमेरिकेची यू-टू हेरविमाने १९५६च्या जुलैपासून सोव्हिएत प्रदेशावरून उडत होती. सोव्हिएत रडारना ती दिसत होती, मॉस्कोने त्याच महिन्यात राजनैतिक मार्गाने निषेधही नोंदवला होता, म्हणजे मॉस्कोला माहीत आहे हे वॉशिंग्टनलाही माहीत होते. पण तेवढ्या उंचीवरचे विमान पाडता येत नाही याचा गवगवा सोव्हिएत नेते क्रुश्चॉव्ह यांना नको होता आणि अमेरिकेला तर कशाचाच नको होता, त्यामुळे दोन्ही बाजूंची झाकली मूठ झाकलेली राहिली. १ मे १९६० रोजी एक विमान स्वेर्दलोव्स्कजवळ पाडले गेले. क्रुश्चॉव्ह यांनी ५ मे रोजी विमान पाडल्याचे जाहीर केले आणि वैमानिकाबद्दल मुद्दाम मौन पाळले. तो मेला असणार असे गृहीत धरून अमेरिकेने नासाच्या तोंडून सांगितले की ते हवामान संशोधनाचे विमान होते आणि तुर्कस्तानवर उडत असताना वैमानिकाने ऑक्सिजनच्या अडचणीची तक्रार केली होती. ७ मे रोजी क्रुश्चॉव्ह यांनी जाहीर केले की वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स जिवंत आहे आणि विमानाचे अवशेषही हाती आहेत.

अमेरिका तोंडघशी पडली, पण तरीही एक वाट शिल्लक होती. इंग्रजीत तिला ‘प्लॉझिबल डिनायबिलिटी’ म्हणतात. १९४८च्या एका अमेरिकी सरकारी निर्देशातच म्हटले होते की गुप्त कारवाया अशा आखाव्यात की उघडकीस आल्यास सरकारला आपली जबाबदारी पटण्याजोग्या रीतीने नाकारता यावी. असे उड्डाण वॉशिंग्टनमधील अधिकाऱ्यांच्या परवानगीने झालेले नव्हते, असे परराष्ट्र खात्याने सांगूनही पाहिले. राष्ट्राध्यक्षांना याची कल्पना नसावी, अशी भाषा वापरून क्रुश्चॉव्ह यांनीही ती वाट मोकळी ठेवली होती. आयझेनहॉवर यांनी ती घेतली नाही. ११ मेच्या पत्रकार परिषदेत त्यांनी अशा हेरगिरीचे उघड समर्थन केले आणि जबाबदारी आपल्याकडे घेतली. आपल्याच घरात काय चालते हे राष्ट्राध्यक्षांना माहीत नाही, असे जगाला सांगणे त्यांना अधिक घातक वाटले असावे.

त्या कबुलीने मॉस्कोच्या माहितीत कणाचीही भर पडली नाही. मात्र ज्याने आपल्या देशावर हेरविमाने पाठवल्याचे जाहीरपणे मान्य केले आहे, त्याच्याशी काहीच न झाल्यासारखी चर्चा करणे क्रुश्चॉव्ह यांना अशक्य झाले. १६ मे रोजी पॅरिसमध्ये जमलेल्या चार महासत्तांच्या शिखर परिषदेत आयझेनहॉवर यांनी जाहीर माफी मागावी अशी मागणी त्यांनी केली, ती मान्य झाली नाही, आणि परिषद बारगळली. आयझेनहॉवर यांना जून महिन्यात सोव्हिएत संघाच्या भेटीचे निमंत्रण होते, तेही मागे घेण्यात आले.